मलपृष्ठावरील कर्तबगारी

हल्लीं मराठी काव्यसंग्रहांच्या परीक्षणांत एक नवाच प्रघात पडूं लागला आहे, आणि तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं. परीक्षण कवितेचें म्हणून छापलेलें असतें. परंतु त्यांतला निम्मा मजकूर कवीच्या कर्तबगारीनेंच भरून गेलेला असतो. अमुक गृहस्थ संगणकशास्त्राचे पदवीधर. अमुक सालीं त्यांनीं दोघां मित्रांच्या साहाय्यानें सॉफ्टवेअरची कंपनी काढली. परदेशांतलीं गिऱ्हाइकें मिळविलीं. पुढें ती कंपनी चांगल्या किमतीस विकली. आणि आतां पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या अंतरांत दडलेली काव्यदेवता जागी झाली आहे. इतकेंच नव्हे, तर त्यांनीं स्वतःची प्रकाशनसंस्थाही स्थापन केली आहे. एवढें सांगून होतें तोंवर परीक्षकाची जागा संपत आलेली असते. मग घाईघाईनें दोन ओळींत, एवढ्या व्यापांतून सवड काढून त्यांनीं कविता लिहिली हेंच केवढें, असा उद्गार काढून तो लेखणी खालीं ठेवतो. कविता कशी आहे हें वाचकास कळत नाहीं. कवी श्रीमंत आहे एवढें मात्र पक्कें कळतें.

आम्ही चांदीपास राहतों. वसई तालुक्याच्या पूर्व अंगास, डोंगर आणि भातखाचरें यांच्या सोबतीनें वसलेलें हें गांव. विरारच्या गर्दीची झळ इकडेही पोहोंचूं लागली आहे, आणि इकडचीं मुलेंही आतां मुंबईच्या कचेऱ्यांत संगणकापुढें बसून पोट भरूं लागलीं आहेत. तेव्हां सॉफ्टवेअर हा शब्द आम्हांस परका नाहीं आणि त्या व्यवसायाचा आम्हांस मत्सरही नाहीं. परंतु गेल्या पावसाळ्यांत एकाच आठवड्यांत दोन गोष्टी घडल्या, आणि त्यांनीं हा लेख आमच्याकडून लिहविला.

पहिली अशी. आमच्या परिचयाचे एक शिक्षक संध्याकाळीं भिजत भिजत घरीं आले. त्यांचा काव्यसंग्रह दोन वर्षांपूर्वीं निघाला. निघाला म्हणजे त्यांनीं काढविला. प्रकाशकानें आधीं पैसे मोजून घेतले, आणि ते मास्तरांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढे होते. तीनशें प्रति छापल्या. त्यांपैकीं अडीचशें प्रकाशकानें मास्तरांच्याच घरीं पोहोंचत्या केल्या. त्या आज त्यांच्या खाटेखालीं आहेत. मास्तर चहा घेतां घेतां म्हणाले, “अहो, वाईट म्हणा, पण कोणी कांहीं म्हणेल कीं नाहीं? तुम्ही तर परीक्षणें लिहितां.” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

दुसरी गोष्ट दोनच दिवसांनीं घडली. टपालानें एक जाडजूड, गुळगुळीत कागदावर छापलेला संग्रह अभिप्रायार्थ आला. कवीचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. असे संग्रह आतां पुष्कळ निघतात. मलपृष्ठावर कवींचा हंसरा फोटो आणि त्याखालीं वर सांगितलेली सर्व कर्तबगारी. आंत आणखी एक चरित्रात्मक परिशिष्ट. आणि सोबत चार परीक्षणांचीं कात्रणें. चारींतही कंपनीचें नांव होतें. एकाही कवितेचें नांव मात्र चारांपैकीं एकांतही नव्हतें.

येथें कोणी म्हणेल कीं हा तुमचा हेवा आहे. यंत्राच्या धंद्यांतल्या माणसानें कविता लिहूं नये असें तुम्हांस वाटतें. आमचें म्हणणें नेमकें याच्या उलट आहे. धंदेवाल्यानें कविता लिहावी हें मराठीस नवें नाहीं. नवें आहे तें त्याचें आश्चर्य. देहूचे तुकोबा वाणी होते. दुकानदारी व सावकारी त्यांच्या घरांत चालत आलेली. दुष्काळांत तो व्यवहार बुडाला. आणि परंपरा सांगते कीं, आपल्या वांट्याचीं खतपत्रें त्यांनीं इंद्रायणींत सोडून दिलीं. गोरोबा कुंभार, सांवता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी या मंडळींच्या धंद्यांचीं नांवें त्यांच्या नांवांस कायमचीं जोडलीं गेलीं. पण कुंभार असूनही काय सुंदर अभंग रचतो, असें कौतुक कोणा वारकऱ्यानें केल्याचें ऐकिवांत नाहीं. कारण धंदा त्यांच्या नांवापुढेंच थांबला नव्हता, तो अभंगांत शिरला होता. सांवत्याचा मळा, नरहरीचीं सोनारकामाचीं हत्यारें, सेनाचा आरसा हीं त्यांच्या रचनेचा जीव आहेत.

हीच वाट पुढें बंद पडली नाहीं. बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीच्या नोकरींत होते. १९४७ सालीं त्यांचा ‘कांहीं कविता’ हा संग्रह निघाला, तेव्हां यंत्रयुगाची घरघर प्रथमच मराठी कवितेच्या कानांत इतक्या जवळून शिरली. नारायण सुर्व्यांनीं गिरणींत काम केलें, शाळेंत शिपाई म्हणून आणि मग शिक्षक म्हणून काढलें. १९६२ च्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’मध्यें तो कामगार स्वतःच्या आवाजांत बोलूं लागला. अरुण कोलटकरांनीं जन्मभर जाहिरातीच्या चित्रकलेवर पोट भरलें. पाहण्याची ती कसबी नजर त्यांच्या कवितेंत ओळीओळींतून दिसते. सुर्व्यांच्या बाबतींतही आमच्या टीकाकारांनीं पुष्कळदां तीच चूक केली, हें येथें प्रामाणिकपणें नोंदविलें पाहिजे. श्रीमंताच्या कर्तबगारीनें दिपून जाणें आणि गरिबाच्या कष्टांनीं गहिंवरून जाणें, या दोन्हीं गोष्टी कविता न वाचण्याच्याच युक्त्या आहेत. सुर्वे मोठे ठरले ते गिरणींत राबले म्हणून नव्हे. गिरणींत लाखों माणसें राबलीं.

म्हणून सॉफ्टवेअरच्या उद्योजक-कवीस आमचा प्रश्न एवढाच आहे: महाराज, तुमचा धंदा तुमच्या कवितेंत कोठें आहे? आम्ही तो गुळगुळीत संग्रह अथपासून इतिपर्यंत वाचला. त्यांत श्रावण आहे, प्राजक्त आहे, आईची पुसट होत चाललेली साडी आहे, आणि बासरी तर सतरा ठिकाणीं आहे. परंतु ज्या मनुष्यानें पंचवीस वर्षें या व्यवसायांत काढलीं, त्याच्या अनुभवाचा एक कणही आम्हांस सांपडला नाहीं. अमेरिकेंतल्या गिऱ्हाइकाचा दिवस उजाडतो म्हणून येथें रात्रीं उजेड ठेवून बसणारीं मुलें. एका चिन्हाच्या चुकीनें कोसळून पडणारी महिन्यांची मेहनत. मंदी आली म्हणून एका सकाळीं ज्याला घरीं जावयास सांगावें लागलें त्या माणसाचा चेहरा. स्वतःच्या हातांनीं वाढविलेली कंपनी विकल्यावर दुसऱ्या दिवशीं रिकाम्या सकाळीं काय करावें हें न सुचणें. यांतलें कांहींतरी त्यानें पाहिलें असलेंच पाहिजे. मराठी कवितेंत हें फारसें कोणी लिहिलेलें नाहीं. ज्याच्यापाशीं हें धन आहे त्यानेंच तें कुलुपांत ठेवून आम्हांस उसना प्राजक्त द्यावा, आणि परीक्षकानें त्याच्या कुलुपाचेंच कौतुक करावें, याला काय म्हणावें? धंदा मलपृष्ठावर ओसंडून वाहतो आहे. कवितेंत मात्र त्याचा दुष्काळ आहे.

विलायतेंतलें एक उदाहरण येथें उपयोगी पडेल. फेलिक्स डेनिस (१९४७–२०१४) हा इंग्रज गृहस्थ संगणकविषयक मासिकें काढून आणि संगणकाच्या सामानाचा व्यापार करून अतिशय धनवान् झाला. पन्नाशीनंतर, आजारपणाच्या सुमारास, तो कविता लिहूं लागला. २००२ सालीं त्याचा पहिला संग्रह निघाला. आणि गांवोगांवीं काव्यवाचनाचे कार्यक्रम करतांना त्यानें श्रोत्यांस उंची मद्य फुकट पाजलें. वर त्याची जाहिरातही उघड उघड केली. या प्रामाणिकपणाचें आम्हांस कौतुक वाटतें. आमच्याकडे मद्य नसतें, पण त्याच्या जागीं मोठें सभागृह, मोठा अध्यक्ष, शाल, श्रीफळ आणि भोजन असतें. फरक एवढाच कीं, येथें या गोष्टींची किंमत कविताच वसूल करते असें सोंग आणलें जातें. डेनिसचे पद्य कसें होतें यावर त्याच्या देशांत मतभेद झाले, आणि तसे ते व्हावयासच पाहिजेत; मद्य कसें होतें यावर ते झाले नाहींत. जातांना त्यानें आपली बहुतेक संपत्ति इंग्लंडांत नवें अरण्य लावण्याच्या कामीं ठेविली. तें अरण्य चांगलेंच आहे. पण त्यामुळें त्याची एकही ओळ चांगली किंवा वाईट ठरत नाहीं.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. कांहीं साहित्यिक मंडळी अगदीं उलट टोकास जातात. नफातोट्याची भाषा बोलणारा हा मनुष्य सरस्वतीच्या मंदिरांत शिरलाच कसा, असा त्यांचा रोष असतो. हा सोंवळेपणाही आम्हांस पटत नाहीं. मराठी वाङ्मयाचें प्रकाशन ज्यांनीं खरोखर उभें केलें त्यांत कारागीर आणि कारखानदार यांचा वांटा फार मोठा आहे. जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांचें आयुष्य छापखान्यांत टाइप घासण्यापासून सुरू झालें. १८६४ सालीं त्यांनीं स्वतःची टाइपफौंड्री काढली आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना. देवनागरी खिळ्याचें सौंदर्य कशांत असतें हें त्या काळीं त्यांच्याइतकें थोड्यांनाच ठाऊक असेल. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर अक्षरांचें तंत्रज्ञान हाच त्यांचा धंदा होता. त्या धंद्याच्या जोरावर त्यांनीं १८८६ पासून संस्कृत काव्याची ‘काव्यमाला’ प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. निर्णयसागरचीं पुस्तकें आजही विद्वान् शोधीत फिरतात, तीं शुद्ध छपाईसाठीं. जावजींनीं स्वतःच्या कविता छापल्या असत्या तर त्या कोणी शोधल्या असत्या कीं नाहीं, हें सांगवत नाहीं.

तीच गोष्ट किर्लोस्करवाडीची. लोखंडी नांगराच्या कारखान्याच्या मालाची वार्ता गिऱ्हाइकांस कळावी म्हणून १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं ‘किर्लोस्कर खबर’ काढली. त्या छोट्या वार्तापत्राचें पुढें महाराष्ट्रव्यापी मासिक झालें. १९३० सालीं ‘स्त्री’ आणि १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं भावंडें त्याला मिळालीं. मध्यमवर्गीय घराघरांतून हीं मासिकें वाचलीं गेलीं, वाद झाले, बायका लिहूं लागल्या. हें घडलें त्याचें कारण शंकररावांनीं कारखान्यांतला व्यवहार संपादनास लावला: अंक वेळेवर निघाला पाहिजे, वर्गणीदारास पोहोंचला पाहिजे, त्याला तो हातीं घ्यावासा वाटला पाहिजे.

आमच्या काळांतही असें झालेंच आहे. १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली आणि तींत देवनागरीस जागा मिळाली. पण पुढें कित्येक वर्षें मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या फॉन्टांत कोंडून पडला होता. एकानें जुळविलेलें पुस्तक दुसऱ्याच्या संगणकावर उघडावें तर ‘क’च्या जागीं भलतेंच चिन्ह उभें राही. अशा काळांत १९९६ सालीं अमेरिकेंतल्या अजय गल्लेवाले यांनीं ‘मायबोली’ सुरू केली, आणि जगभर विखुरलेलीं मराठी माणसें तेथें लिहूं-वाचूं लागलीं. पुढें मंदार जोगळेकर यांनीं सॉफ्टवेअरच्या अनुभवाचा उपयोग ‘बुकगंगा’च्या ग्रंथविक्रीस केला, आणि प्रकाशनही हातीं घेतलें. अच्युत गोडबोले सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या अत्युच्च पदांवर राहिले. पण ‘किमयागार’ किंवा ‘अर्थात’ वाचणारा तरुण तीं पदें वाचीत नाहीं, त्याला विज्ञान आणि अर्थशास्त्र मराठींत समजून घ्यावयाचें असतें. येथें पूर्वायुष्यांतला व्यवसाय मखरांत बसला नाहीं, कामास लागला. आमचा आग्रह एवढाच आहे.

तेव्हां जो सॉफ्टवेअरचा उद्योजक कवी झाला आणि प्रकाशकही झाला, त्याची परीक्षा दोन वेगळ्या ठिकाणीं व्हावी. कवी म्हणून त्याची परीक्षा कवितेंत; तेथें मास्तरांस जो न्याय तोच त्याला. प्रकाशक म्हणून परीक्षा त्याच्या खतावणींत. आणि तेथें मात्र त्याच्या पूर्वायुष्याची आम्ही पुरेपूर आठवण ठेवूं. हिशेब, करार, वितरण, अचूकपणा हे गुण ज्याच्या धंद्याचा पाया होते, त्याला प्रकाशक झाल्यावर ते विसरण्याची सवलत नाहीं.

आम्ही त्याला पुढील गोष्टी विचारूं. पहिली: आपण कवीकडून पैसे घेतां कीं कवीस पैसे देतां? लेखकाच्याच खर्चानें पुस्तक छापावयाचें असेल तर ती छपाईची सेवा आहे, आणि ती तशी म्हणून उघड विकण्यांत कांहीं पाप नाहीं. परंतु तिला प्रकाशन म्हणूं नये. आयएसबीएन क्रमांक भारतांत विनामूल्य मिळतो. तो मिळवून देण्याचे म्हणून नवख्या कवीकडून वेगळे पैसे उकळणें याला व्यवहारांतसुद्धां एकच नांव आहे. दुसरी: करार लेखी आहे काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें एकोणिसावें कलम सांगतें कीं हक्कांचें हस्तांतर लेखी हवें आणि मोबदलाही त्यांत नमूद असला पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांचीच समजली जाते. किती कवींस हें ठाऊक आहे? ज्यानें परदेशी कंपन्यांशीं शेंकडों पानांचे करार केले, त्याला एका कवीशीं दोन पानांचा करार करणें जड जाऊं नये. तिसरी: १९५४ च्या कायद्याप्रमाणें पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासही जावयास पाहिजे, ती जाते काय? चौथी, आणि आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी: पुस्तक मिळत राहतें काय? आतां मागणीप्रमाणें दहा प्रतिही छापतां येतात. मग तीनशें प्रति छापून कवीच्या खाटेखालीं लोटून देण्याचें कारण उरलें आहे कुठें? हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या माणसानें सोडवावयाचा नाहीं तर कोणीं?

यासाठीं फार पैसा लागतो असें नाहीं. १९७६ च्या सुमारास मुंबईंत कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या कवींनीं एकत्र येऊन ‘क्लिअरिंग हाउस’ काढलें. ‘जेजुरी’ तेथून निघालें आणि १९७७ सालीं त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’नें कोलटकरांची मराठी कविता ज्या आस्थेनें छापली ती आस्था बाजारांत विकत मिळत नाहीं. या मंडळींपाशीं कंपनी विकून आलेले पैसे नव्हते. त्यांना कविता निवडतां येत होती, आणि निवडलेल्या कवितेसाठीं झिजण्याची तयारी होती. आमच्या नव्या उद्योजक-प्रकाशकांपाशीं पैसा आहे, यंत्र आहे, व्यवहाराचें शिक्षण आहे. ते निवडीसाठीं झिजतील तर मराठी कवितेचें केवढें काम होईल! पण त्यांच्या संस्थेचें पहिलें पुस्तक त्यांचेंच, दुसरें त्यांच्या भागीदाराचें आणि तिसरें अध्यक्षस्थान भूषविणाऱ्याचें असेल, तर आम्ही तिला प्रकाशनसंस्था न म्हणतां घरचें कार्य म्हणूं. आणि घरच्या कार्याचें परीक्षण कोणी छापीत नाहीं.

सरतेशेवटीं दोष आमचाही आहे. आम्ही परीक्षक मंडळी आळशी झालों आहों. कविता वाचावयास वेळ लागतो. मलपृष्ठ वाचावयास दोन मिनिटें पुरतात. आणि आपण वाचक? घरांत मुलास चांगली नोकरी लागली म्हणजे आपण पेढे वांटतों. मुलानें कविता लिहिली म्हणजे, आधीं नोकरी बघ, म्हणतों. आणि तोच मुलगा पुढें मोठा उद्योजक होऊन कविता लिहूं लागला, म्हणजे ती न वाचतांच त्याच्या सत्कारास जातों. हा आपल्या मध्यम वर्गाचा कवितेशीं असलेला व्यवहार आहे, आणि त्यांत कवितेस कधींच कांहीं मिळत नाहीं.

म्हणून आम्हीं स्वतःपुरता एक नियम केला आहे. यापुढें कोणताही संग्रह अभिप्रायार्थ आला कीं, त्याच्या मलपृष्ठावर आधीं कागद चढवावयाचा आणि मग आंतलीं पानें उघडावयाचीं. त्या गुळगुळीत संग्रहास तसा कागद चढवून आम्ही तो पुन्हां वाचला. एकशें दहा कवितांपैकीं एक, कंपनीच्या रिकाम्या झालेल्या मजल्यावर रात्रीं राहिलेल्या पहारेकऱ्याविषयींची, खरी उतरली आहे; पहिल्या वाचनांत ती आमच्या नजरेंतून निसटली होती, आणि वर धंद्याचा एक कणही सांपडला नाहीं असें जें म्हटलें तें तेवढ्यापुरतें मागें घेणें आम्हांस प्राप्त आहे. चारही परीक्षकांनाही ती दिसलेली नाहीं. कवीनें तसल्या आणखी दहा लिहाव्या आणि बासरीच्या सतराही गाळाव्या, असें आम्हीं त्यांस कळविलें आहे.

आणि काल संध्याकाळीं आम्हीं मास्तरांकडे जाऊन खाटेखालच्या गठ्ठ्यांतली एक प्रत मागून घेतली. त्यांनीं ती फुकट देऊं केली. आम्हीं छापील किंमत मोजली, आणि घरीं येऊन तिलाही तसाच कागद चढविला. मास्तरांच्या गरिबीचाही तिच्या परीक्षणांत उल्लेख येणार नाहीं. तें पुढील अंकीं.